पहाऱ्याची वीणा

गळा बसला तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा होतो. आळंदीला चार वर्षे अध्ययन, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे गावोगावच्या सप्ताहांत उभा राहिलो. डॉक्टरांनी सांगितले, स्वरयंत्र थकले आहे, आता बोलणे कमी करा. कीर्तनकाराला बोलणे कमी करा म्हणणे म्हणजे कुंभाराला माती सोड म्हणण्यासारखेच. पण देहाचा निकाल मान्य करावा लागतो. आज माझे वय चौऱ्याहत्तर आहे.

कीर्तनसेवा थांबली त्याच वर्षी आमचे मृदंगाचार्य गेले. सव्वीस वर्षे ते माझ्या बाजूला पखवाज घेऊन उभे होते. तंबाखूची डबी खिशात असायची, मी रागवायचो, ते हसायचे. गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, शेक झाला, आणि शेवटी मोठ्या इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितले. घरी दोन खोल्या, सून बाळंतीण. तेव्हा कुणीतरी आमच्या तालुक्याच्या गावाजवळच्या बारा खाटांच्या एका केंद्राचे नाव सुचवले. तिथे ते एकोणीस दिवस राहिले. त्या एकोणीस दिवसांत त्यांची वेदना आटोक्यात आली, जखमेची दुर्गंधी गेली, आणि सतराव्या दिवशी त्यांनी माझ्या मांडीवर बोटांनी भजनी ठेका धरला. एवढे माझ्यासाठी पुरे होते. तेराव्यानंतर मी त्या केंद्रात गेलो आणि तिथल्या मुख्य सिस्टरांना म्हणालो, मला काहीतरी काम द्या.

बरे होण्याचा मार्ग संपलेल्या माणसाची वेदना कमी करायची, त्याला स्वच्छ ठेवायचे, एकटे पडू द्यायचे नाही, हे या केंद्रांचे काम. याला हॉस्पिस म्हणतात. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस उघडले. बाई आधी नर्स, मग समाजसेविका, आणि एवढ्याने भागत नाही म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन, १९८६ सालचे. पुण्यात वारज्याला १९९७ साली सिप्लाचे केंद्र निघाले. वेदनेवर मॉर्फिन हे मुख्य औषध, पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणे फार जिकिरीचे झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. हे सगळे मला सिस्टरांकडून कळले. त्या स्वतः केरळात कोझिकोडला शिकून आल्या होत्या.

मला त्या म्हणाल्या, "महाराज, औषधं आहेत. माणसं कमी पडतात. तुमच्या शब्दाला मान आहे, माणसं आणून द्या."

हे काम मला सोपे वाटले. शेजारच्या गावी सप्ताह होता, माझ्या शिष्याचे कीर्तन होते. शेवटी त्याने मला दोन शब्द बोलायला लावले. मी बसक्या गळ्याने मृदंगाचार्यांचे शेवटचे दिवस सांगितले. मंडप रडला. आरतीनंतर वही पुढे केली तर त्रेचाळीस नावे झाली. मी ती वही छातीशी धरून घरी आलो.

पहिल्याच रविवारी त्यांतले चौदा जण एकदम केंद्रात आले आणि एका खाटेभोवती हात जोडून उभे राहिले. खाटेवरचे आजोबा डोळे उघडून म्हणाले, "गेलो का काय मी? दर्शनाला आलात?" सगळे हसले, आजोबाही हसले. मी मात्र मनातून चरकलो.

तीन महिन्यांनी त्रेचाळीसचे नऊ राहिले होते. मला राग आला. लोकांत भाव उरला नाही, कलियुग आहे, मंडपातले अश्रू मंडपातच सुकतात, असे बरेच काही मी सिस्टरांना ऐकवले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "त्यांना काम काय दिलं होतं आपण? कुणी, कधी यायचं, काय करायचं, कुणाला विचारायचं?" मला उत्तर देता येईना. मी त्यांना हाक दिली होती. पुढचे काही मला माहीतच नव्हते.

मग त्यांनी कोझिकोडचे सांगितले. तिथे १९९३ साली एक संस्था निघाली, आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच आपापल्या भागातले दुखणाईत सांभाळायचे, अशी रीत पडली. २००८ साली केरळ सरकारने याचे धोरणच केले. तिथे मनुष्य आला की त्याच्याकडून आठवड्याचे निदान दोन तास मागतात, आणि आधी त्याला शिकवतात. रोग्याशी कसे बोलायचे, मुख्य म्हणजे कसे ऐकायचे, कुशीवर कसे वळवायचे, आपल्या हातात काय नाही. दोनच तास! मी म्हणालो, एवढ्याने काय होणार? त्या म्हणाल्या, "महाराज, दोन तास मागितले की माणूस पाच वर्षं येतो. आयुष्य मागितलं की तीन महिने येतो."

हे मला पटले. तरी खरी गोष्ट अजून कळायची होती.

राहिलेल्या नऊ जणांत एक आक्का होत्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, विधवा, बोलायला कमी. दर मंगळवारी दीड तास एस.टी.ने यायच्या. एका म्हातारीशी त्यांचे जुळले होते. म्हातारीला अन्न जात नव्हते, पण तिच्या बोलण्यात सारखे हुलग्याचे माडगे यायचे. आक्का म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी आणते. सिस्टरांना विचारून, पातळ करून, गाळून, स्टीलच्या डब्यात घालून, डबा टॉवेलात गुंडाळून त्या आल्या. खाटेवर दुसरी बाई होती. म्हातारी शनिवारीच गेली होती.

त्यानंतर आक्का आल्या नाहीत. ज्वारीची काढणी असेल असे मी गृहीत धरले. दोन महिने मी गृहीतच धरले. मग एके दिवशी लाज वाटून त्यांच्या गावी गेलो. त्यांनी चहा दिला. मी विषय काढला, मृत्यूचे दर्शन सगळ्यांना झेपत नाही वगैरे म्हणू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवले.

"बुवा, मरणाला मी भ्याले नाही. नवरा माझ्या हातावर गेला. पण घरातलं माणूस गेलं तर सांगावा धाडतात. मी डबा घेऊन उभी, आणि सगळ्यांना ठाऊक, मलाच ठाऊक नाही. मी कुणी परकी होते का?"

मी विचारले, मग त्या माडग्याचे काय केलेत?

"त्या नव्या बाईनं विचारलं, मला आणलंय का. दिलं. दोन चमचे खाल्लं तिनं. घरी आले, आणि पुढच्या मंगळवारी पायच उचलेना."

चाळीस वर्षे मी मृत्यूवर निरूपण केले. नश्वरतेचे दृष्टान्त मला झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. पण म्हातारी गेल्याचा सांगावा आक्कांना धाडायचा, हे कुणाचेच काम नव्हते. सिस्टर औषधपाण्यात, डॉक्टर कागदपत्रांत, नातलग आपल्या दुःखात. वही माझ्याकडे होती. त्या वहीत आक्कांचा फोन नंबर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

परतताना एस.टी.त मला सप्ताहातली वीणा आठवली. वाचक माउलींना हे वेगळे सांगायला नको. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. पण एकाच्याच गळ्यात ती सात दिवस नसते. दोन-दोन तासांचा पहारा लावलेला असतो. पुढचा विणेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते, मगच पहिला हलतो. पुढचा आला नाही तर पहिला उभाच राहतो, पण तसे सहसा होत नाही, कारण फळ्यावर नावे असतात आणि मागचा माणूस ताटकळला आहे हे पुढच्याला ठाऊक असते. रात्री दोनच्या पहाऱ्याला मी लहानपणापासून उभा राहिलो. तेव्हा थकवा आला तरी एकटेपणा कधी वाटला नाही. आमच्या केंद्रात मात्र आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात वीणा अडकवली आणि ती घ्यायला कुणालाच पाठवले नाही.

तेव्हापासून केंद्राच्या दाराशी एक बाक ठेवला आणि त्यावर पहाऱ्याची वही. येणाऱ्याने आधी तिथे बसायचे, सरळ खाटेकडे जायचे नाही. जाणारा त्याच्यापाशी बसून सांगतो: कोण झोपले आहे, कुणाला कुणाची वाट आहे, कुणाला आज बोलायचे नाही, आणि कोण गेले. जाणाऱ्याचे मनही तिथेच थोडे हलके होते. आणि माणूस गेला की त्याच्यापाशी बसलेल्या प्रत्येक सेवेकऱ्याला त्याच दिवशी फोन. हे फोन मी माझ्याकडे घेतले. डॉक्टर म्हणत होते बोलणे कमी करा, पण या बोलण्याला गळा फारसा लागत नाही. पलीकडे बराच वेळ शांतता असते, आणि मग बहुतेक जण एवढेच म्हणतात, बरं झालं सांगितलंत.

दुसरी गोष्ट आम्ही समाज आरतीवरून घेतली. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी पोचल्यावर चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, हरवले-सापडले पुकारले जाते, मग आरती. हैबतबाबांनी घालून दिलेल्या या सोहळ्यात तक्रारीला आरतीच्या आधीचे स्थान आहे, याचे मला अलीकडे फार नवल वाटते. आम्ही दर महिन्याच्या बारशीला सकाळी पारणे सोडायला एकत्र बसू लागलो. एकादशी न करणारेही येतात, त्यांना उप्पीट दोनदा मिळते. आधी महिन्यात गेलेल्यांची नावे वाचायची, ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचे, आणि ते त्या खोलीबाहेर न्यायचे नाही. मग टाळ वाजवायचे, म्हणजे तक्रार करायची.

काय काय निघाले! वॉर्डबॉय आला नाही म्हणून सेवेकऱ्यांकडून फरशी पुसून घेतली. एका नातेवाइकाने औषधाची बाटली हातात देऊन तुम्हीच पाजा म्हटले. एका रोग्याच्या घरचे भांडण गावात फुटले, ते आमच्यातल्याच कुणाकडून. आणि एक गोष्ट, जी कुणी मोठ्याने बोलत नव्हते ती एका रिक्षावाल्या दादाने सांगितली: यायला-जायला पैसे लागतात. महिन्यातून चार फेऱ्यांचे एस.टी.चे भाडे गरिबाच्या घरात दिसते. मानी माणूस भाडे परवडत नाही असे म्हणत नाही, काम निघालं म्हणतो. विश्वस्तांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना वाटले, सेवेचे पैसे मागतात. समजूत घालायला दोन बैठका लागल्या. शेवटी ठरले की भाड्याचे पाकीट सर्वांच्याच नावाचे निघावे, म्हणजे मागावे कुणालाच लागू नये. ज्याला नको त्याने ते दानपेटीत टाकावे. निम्मे टाकतात. कोण टाकतो हे आम्ही बघत नाही. या एका पाकिटाने जितकी माणसे टिकली तितकी मी दिलेल्या शाल-श्रीफळांनी टिकली नाहीत. सत्काराचा मला आता थोडा वीटच आला आहे. ज्याचा फोटो लागतो तो लाजून येईनासा होतो, ज्याचा लागत नाही तो रुसून.

एका बारशीला कॉलेजातला एक मुलगा टाळ वाजवतच राहिला. मी म्हणालो, बोल बाळा. तो म्हणाला, "तक्रार तुमच्यावर आहे, महाराज." मी शुक्रवारी एका आजोबांपाशी बसून देहाच्या नश्वरतेचे हळू आवाजात निरूपण करायचो. आजोबांनी मुलाला सांगितले होते, त्या महाराजांना सांग, मला कळलंय मी मरणार आहे. तू ये, मोबाइलवर कुस्त्या दाखव. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. पुढच्या शुक्रवारी मुलगा कुस्ती लावून बसला आणि मी आजोबांचे पाय चेपत होतो. कोल्हापूरच्या कुठल्याशा मैदानातल्या डावावर आजोबा ओरडले तेव्हा त्यांच्या पायांत किती जोर होता, ते मला हाताला कळले.

दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात पेच पडला. सोळांपैकी अकरा सेवेकरी वारीला निघाले. निघणारच, त्यात मीही होतो. माझ्या तोवर अडतीस वाऱ्या सलग झाल्या होत्या. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, ते थेट आषाढी. इतके दिवस केंद्र कुणी बघायचे? मशिदीकडच्या आळीतल्या दोघी जणी पुढे आल्या, एक निवृत्त कंडक्टर आले, मुलांनी रात्री वाटून घेतल्या. तरी गुरुवार आणि शनिवार रिकामे राहिले. कुणाला राहा म्हणायची माझी जीभ रेटेना. वारी चुकवा असे वारकऱ्याला कोण सांगणार? मीच राहिलो.

मोठ्या मनाने राहिलो असे म्हणवत नाही. एकादशीच्या दिवशी मी एका ट्रक मिस्तऱ्यापाशी बसलो होतो. त्याला पंढरीचे काही नव्हते. पाण्याचा चमचा द्या, उशी सारखी करा, पंखा कमी करा, पंखा वाढवा. माझे मन चंद्रभागेच्या वाळवंटात, आणि हात पंख्याच्या बटणावर. चिडचिड होत होती. पुंडलिकाचे आख्यान मी किती वेळा लावले त्याची गणती नाही, विटेवर दोन-दोन तास बोललो आहे. पण पुंडलिकालाही त्या वेळी कंटाळा आला असेल का, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

आता दर आषाढात पाळीने तिघे राहतात. हे सर्वांना मानवले असे नाही. एक चांगला सेवेकरी त्यावरून आम्हाला सोडून गेला. त्याच्या घरात तीन पिढ्यांची वारी खंडलेली नाही. ती त्याच्यापाशी तुटावी असे मी कसे म्हणू? तो गेला. त्याला दोष देत नाही, पण त्याची जागा अजून भरलेली नाही.

आणखी एक सांगतो. पत्नीला जाऊन महिनाही झाला नव्हता असा एक गृहस्थ सेवेला आला. मला त्याचा भाव फार मोठा वाटला, पण सिस्टर म्हणाल्या, वर्षभर थांबा, तोवर बाग बघा, हिशेब लिहा. मी त्यांच्याशी वाद घातला. पुढे त्याच गृहस्थांना मी बागेत गुलाबाच्या आळ्यात एकटे रडताना पाहिले, आणि वाद सोडला. एखाद्या रोग्याच्या उशाशी त्यांना असे रडता आले नसते.

आज एकवीस सेवेकरी आहेत. पहिल्या त्रेचाळिसांतले दोन. आक्का वर्षाने परत आल्या. त्यांनी खाटेपाशी बसण्याऐवजी दाराशी बाकावर बसायचे मागून घेतले, आणि हळूहळू पहाऱ्याची वही त्यांच्याशिवाय चालेना. गेल्या वर्षापासून माझा हात कापतो, नावे विसरतो. एकदा एका सेवेकऱ्याला मी चुकीच्या माणसाचा सांगावा दिला. त्या माउलीने काय सोसले असेल त्या अर्ध्या तासात! तेव्हा ठरवले की वही सोडायची. ठरवूनही तीन महिने ती माझ्या घरीच होती. अक्षर नीट करून देतो म्हणायचो, जुनी नावे उतरवून देतो म्हणायचो. शेवटी आक्का घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "बुवा, वही द्या. मी उभी आहे."

मी दिली. त्या पाया पडल्या. पहाऱ्याच्या सवयीने मीही वाकलो, तर त्या मागे सरकल्या, बुवा हे काय, म्हणून. मी म्हटले, रीत आहे.

आता माझ्याकडे गुरुवारचे दोन तास, दुपारी दोन ते चार. गेला महिनाभर मी एका शेतकऱ्यापाशी बसत होतो. देवाधर्माचे त्यांनी काही विचारले नाही. त्यांना लोणंदच्या बाजारातला कांद्याचा भाव हवा असायचा. मी पेपर वाचायचो. ते म्हणायचे, परत वाचा. मी परत वाचायचो.

गेल्या आठवड्यात बुधवारी सकाळी सातला फोन वाजला. आक्का होत्या. "बुवा, तुमचे गुरुवारचे कांदेवाले पहाटे गेले. शांतपणे गेले." मला काही सुचेना. मग मी विचारले, "काल भाव कळला होता का त्यांना?"

"रात्रीच्या पोरानं वाचून दाखवला," त्या म्हणाल्या. "वहीत लिहिलंय त्यानं. दोनदा वाचला म्हणून."